हप्ता की मुदत

बजाजनगर,
८ जून २०२५

चि. विशाखा हिस,

दादाचा सप्रेम जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे ठीक आहेत. साहेबरावांना माझा जयभीम सांग. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं सकाळी चालायला जातात, का नुसता पेपर तोंडासमोर धरून बसतात, ते खरं खरं लिही.

मागच्या आठवड्यात तू फोन केलास तेव्हा साळूनं तो माझ्या कानाला लावला, पण मला नुसती घरघर ऐकू आली. मी आपला व्हय, व्हय, लई चांगलं झालं म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर साळूनं कपाळाला हात लावला. तू साहेबरावांचे पाय सुजल्याचं सांगत होतीस म्हणे. राग धरू नको गं. सारी जिंदगी पॉवर प्रेससमोर गेली, कान तिथंच राहिले. प्रेस शॉपमधी सुपरवायझर काय बोलतो ते कुणालाच ऐकू यायचं नाय. सगळे माना हलवायचे अन् हातातलं काम चालू ठेवायचे. ती सवय मानेला लागली ती लागलीच. म्हणून हे पत्र. सम्यक मोबाइलवर लिहायला शिकवतो, पण माझ्या बोटानं एक अक्षर दाबलं की तीन उमटतात.

पत्रास कारण असं की, कंपनीनं व्हीआरएस देऊन घरी बसवलं त्याचे अन् ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून आहेत. घराच्या कर्जाचा आकडाही जवळपास तेवढाच आहे. माझ्या मनात असं येतं की एकदाच सगळं भरून टाकावं अन् मोकळं व्हावं. तुला ठाऊक आहे, कर्ज घेताना माझं वय बसत नव्हतं, म्हणून बँकेनं सम्यकचं नाव सोबत लावलं. पोरगा तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. आता सतरा हजारांचा हप्ता जातो, त्यातला मोठा वाटा त्याच्या पगारातून. मी गोडाऊनवर दिवसपाळीचा वॉचमन, माझ्या पगाराचं काय सांगायचं.

अन् आता त्याला पुण्याला मशीन डिझाइनचं दोन वर्षांचं शिक्षण मिळतंय. परीक्षा दिली, नंबर लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला जाऊन नाव पक्कं करायचं. शिकताना ते जे पैसे देतात त्यात त्याचं राहणं-खाणंच भागंल, हप्ता कुठून भरणार? तो म्हणतो, मला जायचंच नाय, इथंच बरं आहे. खोटं बोलतो. खोटं बोलताना तो लहानपणापासून डोकं खाजवतो, तसं खाजवत होता. माझ्या सहीखाली त्याची सही आहे, तेवढ्यानं पोरगं अडकलं.

बेजार झालो बाई. सकाळी डोळा उघडला की आधी हप्त्याची तारीख आठवते, मग चहा. तू शिकलेली आहेस, तुझ्या डोक्यानं काय ते सांग. साळू म्हणते, विशाखा म्हणंल तसं करा. तिला माझ्यापेक्षा तुझा भरवसा जास्त आहे.

दादावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
सांडूदादा


अंबड,
१५ जून २०२५

ती. दादास व सौ. साळूवहिनीस,

विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र मिळालं. साहेबरावांच्या पायांची सूज उतरली आहे, तू चांगलं झालं म्हणालास त्याचाच गुण असेल. सकाळी चालायला जातात, पण चौकातल्या हॉटेलपर्यंत, आणि तिथून चहा पिऊन परत येतात. मला ते कळत नाही, असं त्यांना वाटतं.

शाळा उद्या उघडते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, पण पहिलीच्या पोरांचं रडणं ऐकायचं आता जिवावर येतं. असो.

दादा, सगळे पैसे भरू नकोस. आमचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. ह्यांच्या हौसेपायी आम्ही एकदाच सगळं कर्ज फेडलं, बँकेतून घराचे कागद आणले, गल्लीत पेढे वाटले. वर्ष सरायच्या आत ह्यांच्या छातीचं दुखणं निघालं. कागद कपाटात होते आणि दवाखान्यात भरायला हातात रुपया नव्हता. घर मोकळं होतं रे, पण घराची एक भिंत विकून काही बिल भरता येत नाही. तेव्हा मी शाळेतल्या शिपायापुढेसुद्धा हात पसरला. शेवटी तूच कंपनीतून उचल घेऊन आलास.

आणि सम्यकचं म्हणतोस, तर तेही नीट बघ. सगळं भरलंस तर तो बँकेतून सुटेल आणि तुमच्या दोघांच्या पोटाशी बांधला जाईल. उद्या वहिनीचा गुडघा दुखला तरी त्यालाच हाक माराल. तो पुण्याहून अर्ध्या शिक्षणातून उठून येईल. आपलं पोरगं तसंच आहे.

माझं ऐकशील तर निम्मे पैसे भर आणि निम्मे ठेवीत ठेव, त्याचं व्याज येत राहील. निम्मे भरताना बँकवाले विचारतील की हप्ता कमी करायचा की मुदत. मुदत कमी केलीस तर हप्ता आहे तेवढाच राहतो, नुसतं कर्ज लवकर संपतं. तुला ते नको. तू हप्ता कमी करून माग. निम्मा हप्ता तुझ्या एकट्याच्या पगारात ओढूनताणून बसेल, आणि पोरगा पुण्याला जाऊ शकेल. एवढं एकच वाक्य पाठ करून जा, आणि सम्यकला सोबत ने. एकटा जाऊ नकोस. तुझी ती मान मला ठाऊक आहे.

वहिनी, तुमच्या डब्यांचं काय चाललंय? किती पोरं जेवतात हल्ली? दादाला गोड देऊ नका, मागितलं तरी.

आहे तशीच आठवण ठेवा, आणि रागावलात तर पत्रातच रागवा.

तुमची,
विशाखा


बजाजनगर,
६ जुलै २०२५

चि. विशाखा हिस,

दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुझ्या म्हणण्याप्रमाणं निम्मे पैसे भरले. काम झालं. काळजीचं कारण नाय.

सम्यकची पहिली पाळी होती म्हणून मी एकटाच जाऊन आलो. बँकेतली मॅडम चांगली होती, बसायला खुर्ची दिली. साळूचे पाच डबे आहेत सध्या. इकडं ढग येतात अन् तसेच जातात.

बाकी काय लिहू. हात दुखतो. साहेबरावांना जयभीम.

तुझा,
सांडूदादा


(त्याच पाकिटात)

६ जुलै

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, त्यात माझी ही चिठ्ठी सरकवतोय. फोनवर बोललो असतो, पण आई शेजारी असते आणि ती लगेच रडते.

बाबांनी तुला काम झालं म्हणून लिहिलं असेल. झालंय, पण उलटं. काल पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज आला, तर पूर्वीइतकाच. मी तडक बँकेत गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या की त्यांनी काकांना सगळं समजावून दोनदा विचारलं होतं, मुदत कमी करून हप्ता तोच ठेवायचा ना, म्हणून. काकांनी दोन्ही वेळा मान हलवली. तू पाठ करायला सांगितलेलं वाक्य बाबा तीन दिवस आंघोळ करताना मोठ्यानं म्हणत होते, आई साक्षीला आहे. पण समोरच्याचे ओठ हलायला लागले की त्यांची मान आपोआप हलते. मॅडमचा काय दोष.

घरी येऊन मी बाबांना पाटीवर लिहून दाखवलं. ते चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मग आईला म्हणाले की आज भूक नाही. मला फार वाईट वाटलं गं आत्या. निम्मी पुंजी गेली आणि महिन्याचं ओझं तसंच राहिलं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसतं.

मॅडम म्हणाल्या की आम्ही दोघं येऊन अर्ज दिला तर हप्ता कमी करता येईल. मी नको म्हणालो. आता राहू दे. कर्ज लवकर फिटेल, ते काय वाईट आहे? माझी नोकरी चालू आहे. पुण्याचं बघू पुढं कधी. तू बाबांना याबद्दल काही लिहू नकोस, त्यांना उगाच पुन्हा आशा लागेल. फक्त त्यांच्या कानांचं काही तरी कर. ते तुझं ऐकतात, माझं नाही.

तुझ्या हातच्या धपाट्यांची आठवण येते.

तुझा,
सम्यक


अंबड,
१३ जुलै २०२५

ती. दादास,

विशाखाचा जयभीम. वि. वि. आज मी रागातच लिहायला बसले आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

काम झालं, काळजीचं कारण नाही! मला काय पहिलीतलं पोर समजतोस का? सम्यकच्या चिठ्ठीतून सगळं कळलं. लिहू नकोस असं त्यानं सांगितलं होतं, पण त्याच्या सांगण्यावरून चालायला मी त्याची मैत्रीण नव्हे, आत्या आहे. बाप लपवतो, पोरगा लपवतो, आणि वहिनी रडते. तुमच्या घरात धड बोलणारं कुणी उरलंच नाही का रे?

चूक झाली ती झाली. मी तुला त्यासाठी बोलत नाही. पण तू आजवर कितीदा अशी मान हलवलीस, त्याचा विचार कर. कंपनीनं व्हीआरएसचा कागद पुढं केला तेव्हाही तू अशीच मान हलवली असशील. वहिनी म्हणत होती की तुझे सोबती अजून कामावर आहेत. दादा, समोरच्याला पुन्हा विचारण्यात कसली आलीय लाज?

आता उरलेल्या पैशातून आधी कानाची मशीन घे. दोन्ही कानांची. औरंगपुऱ्यात कान तपासून मशीन देणारे आहेत, आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांनी तिथूनच घेतली. महाग असते, एवढ्या पैशात काय काय होईल असं म्हणशील, ते मला माहीत आहे. तू घरासाठी पैसे भरलेस, पोरासाठी नोकरी केलीस, माझ्या नवऱ्यासाठी उचल घेतलीस. तुझ्या स्वतःच्या अंगाला आजवर एक रुपया लागलेला मी पाहिला नाही. हे माझं सांगणं नाही, हुकूम आहे. मशीन लागल्याशिवाय मला पत्र पाठवू नकोस.

राग उतरला की पुन्हा पूर्वीसारखी तुझीच,
विशाखा


बजाजनगर,
३ ऑगस्ट २०२५

चि. विशाखा हिस,

दादाचा सप्रेम जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि. हुकमाची तामिली झाली. मशीन लागली. आता तरी माझं पत्र उघडायला हरकत नाय.

औरंगपुऱ्यात त्या रिक्षांच्या गर्दीत सम्यक मला हाताला धरून घेऊन गेला, जसा मी त्याला लहानपणी न्यायचो. तिथल्या पोरीनं कानात मशीन बसवली अन् काका, ऐकू येतं का, असं विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, मान नको, तोंडानं बोला. तुझ्याच शाळेत शिकली असंल.

पहिला दिवस लई तकलीफ झाली. पंख्याचा आवाज, साळूच्या बांगड्या, माझंच घास चावणं. आपल्या घरातला दरवाजा कुरकुरतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं एकदम अंगावर आलं. पण बाहेर चिमण्या बोलतात गं अजून. मला वाटायचं त्या गेल्या.

आता मुद्द्याचं लिहितो. दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. सम्यक अन् साळू स्वयंपाकघरात बोलत होते, नेहमीसारखे, जोरानं. इतकी वर्षं माझ्यासमोर सगळं बोलायची सवय, मशीनचं ध्यानातच नाय. सम्यक आईला सांगत होता की पुण्याची तारीख गपचूप जाऊ देऊ, बाबा विसरून जातील. साळू म्हणाली, तुझा जीव तुटतो ते मला दिसत नाय का? त्यावर तो म्हणाला की दिसू दे, पण बाबांना कळू देऊ नको, नाहीतर ते उरलेले पैसेही बँकेत नेऊन टाकतील अन् म्हातारपणी हात हलवत बसतील. अन् मग विशाखा, तो रडला. पंचविशी उलटलेलं पोरगं, नाक ओढून ओढून रडत होतं. मी त्याला शेवटचं रडताना ऐकलं ते पाळण्यात.

मी उठलो नाय. पेपरचं पान उलटलं. त्या घटकेला मशीन काढून फेकून द्यावी वाटली. हे असलं रडणं याआधी किती वेळा माझ्या पाठीमागं झालं असंल, अन् मी भिंतीकडं तोंड करून वरणभात खात बसलो असंन.

पुढं दोन दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की म्हाताऱ्याला ऐकू येतं. झालं, दोघं कुजबुजायला लागले. मी आलो की विषय बदलतात. भाव विचारतात कांद्याचा. एवढे पैसे घालून कान घेतले अन् घर मुकं झालं. म्हणून मी आता जेवायला बसलो की मशीन काढतो अन् त्यांना दिसंल अशी ताटाशेजारी ठेवतो. मग ते पूर्वीसारखे मोकळं बोलतात. बोलू दे. मला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं.

तू लिहिलंस की आमच्या घरात धड बोलणारं कुणी नाय. खरं आहे. आज मी सम्यकला समोर बसवणार अन् सांगणार की मी ऐकलंय. परवा मंगळवारी त्याला घेऊन बँकेत जातो. तुझंच वाक्य आहे, पुन्हा पाठ करतोय.

मायेत खंड पाडू नको.

तुझा,
सांडूदादा


(पोस्टकार्ड)

अंबड,
३१ ऑगस्ट

ती. दादास, सविनय जयभीम. महिना झाला, मंगळवारी काय झालं ते तुझ्याकडून एका ओळीनं कळत नाही. साळूवहिनीकडून कळलं ते अर्धंमुर्धं. सम्यकचा पुण्याहून फोन आला होता. खोलीवर आणखी दोघं आहेत, जेवण फिकं असतं. मला दोनदा विचारलं की बाबांचं भागतं का गं, खरं सांग. मी म्हटलं, मला काय ठाऊक, बापालाच विचार. तो म्हणाला, जड जात असेल तर मी सोडून येतो. तू काय सांगायचं ते ठरवून ठेव. सविस्तर लिही. तुझी, विशाखा.


बजाजनगर,
१४ सप्टेंबर २०२५

चि. विशाखा हिस,

दादाचा सप्रेम जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि. उशीर झाला. आठवड्याची सुट्टी बंद करून घेतली होती, तेवढा जास्तीचा पगार मिळतो. आज अंगात कणकण वाटली म्हणून घरी आहे. साळूला डब्यांना मदत करून लिहायला बसलो.

मंगळवारचं सांगतो. आदल्या दिवशी सम्यक हट्टाला पेटला होता, सही करणारच नाय म्हणून. मी त्याला म्हणालो की तुझं रडणं ऐकून मला आता कान झाकता येत नाय, तेवढं तरी माझ्यासाठी कर. मग आला. बँकेत तीच मॅडम. तिनं पुन्हा तेच विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत. सम्यक उत्तर द्यायला निघाला तर मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी सांगितलं की हप्ता कमी करा, मुदत राहू द्या आहे तेवढी. एवढ्या जोरात सांगितलं की रांगेतले लोक वळून पाहायला लागले. मॅडम हसली अन् म्हणाली, काका, हळू बोला, मला ऐकू येतं. सम्यकही हसला. मग दोघांनी सह्या केल्या. माझ्या सहीखाली त्याची सही, तशीच. पण आता हप्ता माझ्या खात्यातून जातो.

तिथून गुलमंडीवर जाऊन त्याला दोन शर्ट घेतले. नको नको म्हणत होता अन् दुकानातल्या आरशात पाहत होता. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवला.

हप्ता साडेआठ हजारांवर आला. मुदत लांब आहे, मी सत्तर ओलांडीन तोवर चालंल. वॉचमनचा पगार, थोडी पेन्शन, ठेवीचं व्याज, साळूचे डबे, असं धरून महिना निघतो. निघतो म्हणजे ओढून काढावा लागतो. स्कूटर घरी ठेवली, पायी जातो, साहेबरावांना सांग की मीही आता चालतो. साळूनं दोन डबे वाढवले. संध्याकाळी ती पाय धरून बसते अन् मी कण्हत बसतो, दोघंही एकमेकांना ऐकू येतो. थकलोय गं, खरंच लई थकलोय. पण सकाळी डोळा उघडला की आता आधी पोरगं आठवतं, मग हप्त्याची तारीख.

आता जेवताना मशीन काढायची गरज राहिली नाय. बोलणारं कोण आहे? साळू तर पहिल्यापासून मला ऐकू जाईल असंच बोलते. घर एवढं शांत असतं की फ्रिज बंद-चालू झालेला कळतो.

तुझं कार्ड आलं त्याच संध्याकाळी सम्यकचा फोन आला. मीच उचलला. इतक्या वर्षांनी फोनमधून माणसाचा आवाज आला, जसा शेजारी बसून बोलतोय. त्यानं जेवण सांगितलं, शिक्षक सांगितले, कसलं तरी डिझाइन सगळ्यांत आधी त्यानं पुरं केलं ते सांगितलं. शब्दन् शब्द ऐकू आला. मग त्यानं विचारलं, बाबा, खरं सांगा, पैसे पुरतात का, का मी येऊ परत?

तू म्हणालीस की काय सांगायचं ते ठरवून ठेव. मी काहीच ठरवलं नव्हतं. त्याच्याशी खोटं बोलायला मला जमत नाय अन् खरं सांगितलं तर तो दुसऱ्या गाडीनं घरी. मी म्हणालो की आवाज येत नाय रे, नुसती घरघर येते. तो ओरडून ओरडून पुन्हा विचारत होता. मी फोन साळूकडं दिला. तिनं त्याला सांगितलं की पुरून उरतात, तू अभ्यास कर.

फोन ठेवल्यावर साळू बराच वेळ माझ्याकडं पाहत होती. मग तिनं विचारलं, मशीनचा सेल संपला का?

मी मान हलवली.

तू फोन करत जा, आता ऐकू येतं. पण पत्र बंद करू नको. यातलं सम्यकला काही कळवलंस तर बघ. साहेबरावांना जयभीम, तुला माझी सारी माया.

तुझा,
सांडूदादा